घरातली आमरी, लेखांक ८ : फुटव्याचं वर्ष

मागच्या आठवड्यात आपण फॅलेनॉप्सिसच्या दांडीपाशी थांबलो होतो. फुलं गळल्यावर दांडी हिरवी असेल तर खालचे दोन-तीन डोळे राखून वर कापायची, म्हणजे एखाद्या डोळ्यातून पुन्हा तुरा निघण्याची शक्यता राहते, असं मी लिहिलं होतं. त्यावर विचारणा झाली, की पॅन्सी ऑर्किडची दांडीही अशीच राखायची का? नाही. तिची दांडी फुलं संपली की पार बुडाशी कापायची. त्या दांडीला पुन्हा फूल येत नाही, आणि ज्या बल्बमधून, म्हणजे पानांच्या बुडाशी असलेल्या फुगीर खोडातून, ती निघाली त्या बल्बचाही बहर झाला तेवढाच. पुढचं फूल त्या बल्बच्या कुशीतून निघणाऱ्या नव्या फुटव्यात असतं. त्या फुटव्याचं एक वर्ष सुखाचं गेलं, की फूल येतं. आजचा लेखांक त्या एका वर्षाबद्दल आहे.

पॅन्सी आपल्या ओळखीची. थंडीत पुण्यातल्या रोपवाटिकांत जांभळ्या-पिवळ्या चेहऱ्याच्या पॅन्सीची रोपं येतात, होळीपर्यंत टिकतात. पॅन्सी ऑर्किडचा तिच्याशी कुळाचा संबंध नाही. फूल तसंच पसरट, दोन बोटांच्या टोकांवर अलगद धरावं एवढं मोठं, आणि मधोमध गडद मुखवटा. काही जातींत त्या मुखवट्यातून रंगाच्या धारा खाली ओघळलेल्या दिसतात, जणू ओल्या चित्रावर पाणी सांडलंय. काहींना गुलाबासारखा मंद वास असतो. शास्त्रीय नाव मिल्टोनिऑप्सिस, म्हणजे ‘मिल्टोनियासारखी दिसणारी’. मिल्टोनिया हे नाव इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८३७ साली, ऑर्किडचे शौकीन असलेल्या लॉर्ड मिल्टन यांच्या सन्मानार्थ दिलं. पुढं १८८९ मध्ये गोडफ्रॉय-लेबफ या फ्रेंच माणसानं अँडीज पर्वताकडच्या जातींसाठी वेगळी प्रजाती सुचवली. तरीही बाजारात आजही दोन्हींना सर्रास ‘मिल्टोनिया’च म्हणतात. ही नावाची गल्लत निरुपद्रवी वाटते, पण आपल्याकडच्या कितीतरी झाडांचा जीव तिच्यापायी गेला असावा असं मला वाटतं. ते कसं, ते पुढं येईलच.

आधी तिचं माहेर पाहू. कोलंबिया, इक्वाडोर या पट्ट्यात अँडीजच्या उतारांवर ढग येऊन अडकतात आणि अडकूनच राहतात. तिथल्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड गालिचे असतात आणि त्या शेवाळात ही ऑर्किडं मुळं खुपसून बसतात. आजच्या बहुतेक संकरांची मूळ आई म्हणजे मिल्टोनिऑप्सिस व्हेक्सिलॅरिया. नावाचा अर्थ ध्वजधारी, कारण तिची खालची पाकळी फडकत्या निशाणासारखी रुंद. इंग्लंडातल्या व्हीच या नामांकित रोपवाटिकेचा हेन्री चेस्टरटन हा संग्राहक १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची जिवंत रोपं कोलंबियातून घेऊन आला. दुसरी महत्त्वाची जात रोझली, ती बेनेडिक्ट रोझल या चेक संग्राहकाच्या नावाची. या माणसाचा एक हात यंत्रात सापडून गेला होता. त्या जागी लोखंडी आकडा बसवून तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेची जंगलं पालथी घालत राहिला. प्राग शहरात त्याचा पुतळा आहे. या दोन जातींचा संकर पॅरिसच्या आल्फ्रेड ब्ल्यू यांनी केला, १८८९ मध्ये तो नोंदला गेला, आणि पॅन्सी ऑर्किडच्या संकरांची रांग तिथून सुरू झाली.

आता आंबोलीचा श्रावण डोळ्यांपुढे आणा. झाडांना शेवाळ, हवेत दहिवर, अंगावरचा कपडा वाळत नाही, आणि दुपारीही अंगावर काही घ्यावंसं वाटतं. व्हेक्सिलॅरियाचं रान बारा महिने साधारण तसंच असतं. आपल्या आंबोलीचा मात्र दिवाळीनंतर रंग पालटतो. शेवाळ करडं पडतं, मार्चमध्ये खोडं तापतात. म्हणून सह्याद्रीतली सीतेची वेणी जाड पानांची, दोरखंडासारख्या मुळांची असते. सात-आठ महिने कोरडे काढण्याची तिची तयारी असते आणि पाऊस तोंडावर आला की ती फुलते. पॅन्सी ऑर्किडकडे ही तयारीच नाही. तिची पानं पातळ, फिकट राखी-हिरवी. बल्ब चपटे, हाताला हलके. मुळं शेवयांइतकी बारीक आणि पुष्कळ. पाणी साठवून ठेवायची तिला कधी गरजच पडली नाही.

शेतकऱ्यांच्या बोलीत यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. जमीन ओली आहे पण चिखल नाही, ढेकूळ हातात घेतलं तर फुटतं पण धूळ उडत नाही, मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, ती अवस्था. शेतात वाफसा दोन-चार दिवस टिकतो. पॅन्सी ऑर्किडच्या कुंडीत तो वर्षभर टिकवायचा असतो. तिच्या संगोपनाचं जवळपास सगळं कौशल्य यात येतं.

हे मला पुस्तकांतून कळलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी पुण्यात एक पॅन्सी ऑर्किड आणली. जानेवारी होता, पाच फुलं होती, महिनाभर घर उजळलं. एप्रिलमध्ये पानांवर आडव्या घड्या पडू लागल्या, कागदी पंख्यासारख्या. तहानली असेल म्हणून मी पाणी वाढवलं. घड्या वाढल्या. आणखी पाणी दिलं. पहिला पाऊस आला तेव्हा कुंडी उलटी केली, तर आत तपकिरी लगदा होता, एकही मूळ जिवंत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. हे झाड पुण्याच्या उन्हाळ्यात तगणार नाही, एवढं एक वाक्य विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

दुसऱ्यांदा तिची गाठ पडली ती सॅन फ्रान्सिस्कोत, भाचीच्या घरी. शहराच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला ती राहते. तिथं ऐन जुलैत दुपारचं तापमान अठरा-वीस अंशांच्या आसपास, रात्री बारा-तेरा, आणि रोज संध्याकाळी धुकं खिडकीपर्यंत येतं. तिच्या पूर्वेच्या खिडकीत तीन कुंड्या होत्या, सलग चौथ्या वर्षी फुललेल्या. मी पहिल्याच सकाळी झारी घेऊन उभी राहिले तर म्हणाली, “मावशी, आधी उचलून बघ. जड लागली तर आज नको.” तिनं मला एक सुकी कुंडी आणि एक ओली कुंडी हातात दिली. चार दिवसांत माझ्या मनगटाला फरक कळू लागला. वरचं माध्यम बोटाला नुकतं कोरडं लागतंय पण कुंडीला अजून थोडं वजन आहे, ती वेळ पाण्याची. तिथल्या हवेत ती चौथ्या-पाचव्या दिवशी यायची. पाणी भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि सकाळीच. नव्या फुटव्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर तो कुजतो.

पानांच्या घड्यांचं कोडं तिथंच सुटलं. पान कोवळं असताना, वाढत असताना पाणी कमी पडलं की ते आतल्या आत अडकून घडी पडते. पाणी कमी पडण्याची कारणं मात्र दोन. एक, आपण दिलं नाही. दुसरं, दिलं, पण प्यायला मुळं राहिली नाहीत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र उलट आहेत. म्हणून घड्या दिसल्या की झारीला हात लावण्याआधी झाड कुंडीतून अलगद काढून मुळं बघावीत. पांढरी, टणक असतील तर पाणी वाढवा. चिमटीत दाबल्यावर साल सुटून आत दोरा उरत असेल तर कुजकं कापून लहान कुंडीत, ताज्या माध्यमात लावा. एकदा पडलेली घडी मोडत नाही. सुधारणा झाली की नाही, हे पुढच्या पानावरून ठरवायचं.

माध्यम दरवर्षी बदलावं लागतं, आणि हे काम टाळणाऱ्यांचीच झाडं फुलायची थांबतात असं मी पाहिलं आहे. बारीक पाइन बार्क आणि परलाइट, किंवा नुसतं स्फॅग्नम मॉस, दोन्ही चालतं. सतत ओलं राहिल्यामुळे ते लवकर कुजतं, आणि कुजलं की वाफसा जाऊन चिखल होतो. फुलं संपून नवा फुटवा दोन बोटं उंच झाला, त्याला स्वतःची मुळं सुटू लागली, की वेळ योग्य. भाची स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून हे काम करायची. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच, तीही प्लास्टिकची. मोठी कुंडी दिली तर मधला भाग ओलाच राहतो. झाड वाटायचा मोह झाला तर प्रत्येक वाट्यात निदान तीन बल्ब राहू द्यावेत. मागचे बल्ब म्हातारे दिसले तरी नव्या फुटव्याला पोसण्याचं काम तेच करतात.

क्षारांच्या बाबतीत ती फार नाजूक. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाला सिएरा नेवाडातल्या हेच हेची जलाशयाचं पाणी येतं, त्यात क्षार अगदी कमी, त्यामुळे भाचीला वेगळं काही करावं लागत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर पानांची टोकं करपतात. त्यापेक्षा पागोळ्यांचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी बरं. खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाई, वाढ चालू असताना पंधरा दिवसांनी, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची. उजेड फॅलेनॉप्सिसपेक्षा किंचित जास्त, पण पडदा गाळून आलेला. पानांवर हलकी गुलाबी झाक आली तर ठीक, लालसर झाली तर ऊन जास्त होतंय, गर्द हिरवी आणि लुळी झाली तर उजेड कमी पडतोय.

हे सगळं झालं तरी फूल येण्यासाठी गारवा लागतोच. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत पॅन्सी ऑर्किडच्या एका संकरावर याचे प्रयोग झाले. आधी काही आठवडे लहान दिवस आणि पाठोपाठ चौदा अंशांच्या आसपास सुमारे आठ आठवडे गारवा, असा क्रम मिळाला तेव्हा बहुतेक सगळी झाडं एकसारखी फुलली. घरात हे यंत्रांशिवायही साधतं. शरदात दिवस लहान होतात, फुटव्याचा बल्ब तेव्हा भरत येतो, आणि थंडीत झाड न तापवलेल्या खोलीच्या खिडकीत राहिलं की पुढचं आपोआप होतं. फक्त संध्याकाळी त्या खिडकीत दिवा फार वेळ जळता ठेवू नये. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या बल्बला बिलगलेल्या पानाच्या बगलेतून दांडी डोकावते, कधी दोन्ही बाजूंनी दोन. कळ्या दिसल्यावर कुंडी फिरवू नये, नाहीतर फुलांची तोंडं भलतीकडे होतात. फुलं झाडावर महिनाभर, कधी त्याहून जास्त राहतात. तोडून फुलदाणीत ठेवली की लगेच मान टाकतात, म्हणून ती झाडावरच बघायची.

मग महाराष्ट्रात काय करावं? दिवसा पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर नाही आणि रात्री तेरा ते सोळा, ही तिची खरी गरज. एखादा दिवस तिशी गाठली तर ती सोसते, ओळीनं सोसत नाही. त्यातही दिवसापेक्षा रात्रीचा उकाडा वाईट. दिवसभर पानांनी कमावलेली साखर झाड उबदार रात्री श्वसनातच खर्च करून टाकतं आणि फुटव्याला काही उरत नाही. मुंबई, नागपूर, पुणे इथं वातानुकूलित काचपेटीशिवाय हे जमणार नाही. महाबळेश्वरचा पावसाळा तिला मानवेल, एप्रिल-मे जड जाईल. उटी, कोडाईकनाल, दार्जिलिंग, गंगटोक इथं कुणी मराठी माणूस राहत असेल तर त्यानं जरूर लावावी. बे एरियात किंवा इंग्लंडात असलेल्या मुला-भाच्यांना हा लेखांक पाठवा, त्यांच्या खिडकीत ती खुशीत राहील.

आणि आता ती नावाची गल्लत. खरी मिल्टोनिया ब्राझीलची, अटलांटिक किनाऱ्याकडच्या जंगलांतली, आणि ती पॅन्सी ऑर्किडपेक्षा बरीच उष्णता सोसते. तिच्या नावाखाली पॅन्सी ऑर्किड घरी आली, की आपल्या उन्हाळ्यात ती जीव सोडते. ओळखायची खूण सोपी आहे. पॅन्सी ऑर्किडचे बल्ब एकमेकांना चिकटून असतात आणि बल्बच्या डोक्यावर एकच पान असतं. मिल्टोनियाच्या डोक्यावर दोन पानं असतात, आणि बल्ब आडव्या खोडावर अंतरा-अंतरानं बसलेले असतात. पानं पिवळट हिरवी, ती तिची प्रकृतीच आहे. रोग समजून औषध फवारू नका. ‘मिल्टोनिया’ अशी पाटी लावलेलं रोप समोर आलं तर पाटी सोडा, बल्बच्या डोक्यावरची पानं मोजा.

माझ्याकडे सात वर्षांपासून तिची मोरेलियाना ही जात आहे, जांभळ्या वाइनच्या रंगाची. पूर्वेच्या गॅलरीत, उथळ टोपलीत बार्क आणि थोडा कोळसा घालून लावलेली. उन्हाळ्यात टोपलीखाली ओल्या विटा ठेवते आणि संध्याकाळी फरशीवर पाणी मारते, झाडावर नाही. एका दांडीवर एकच फूल येतं, गणपती उठल्यावर आठ-पंधरा दिवसांत. यंदा अकरा दांड्या आहेत.