शालेय संशोधनप्रकल्प आणि मार्गदर्शकाची मर्यादा

शाळेतील विद्यार्थ्याने स्वतंत्र संशोधन करावे, ही कल्पना महाराष्ट्रात आता नवी राहिलेली नाही. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या, १९८१ मध्ये सुरू झालेल्या, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृतिसंशोधनाचा स्वतंत्र टप्पा आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षे वयाची मुले आपल्या परिसरातील प्रश्नाचा अभ्यास करून तो मांडतात. तथापि, प्रकल्प विद्यार्थ्याच्या नावे आणि विचार मार्गदर्शकाचा, असा प्रकार विरळा नाही. म्हणून मार्गदर्शकाने कोठे थांबावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हिंगोली जिल्ह्यातील हट्टा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. वसमत तालुक्याचा हा भाग हळदीचा. येथील नववीतील मुलाने ‘हळदीचे महत्त्व’ असा विषय आणला, तर तो विषय आहे, प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर ग्रंथात आधीच छापलेले आहे. मात्र ‘ओल्या हळदीचा सुका उतारा किती पडतो?’ असे त्याने विचारले, की मोजमाप अपरिहार्य होते. या स्थित्यंतरात शिक्षकाने साहाय्य करावे. परंतु प्रश्न मुलाच्याच तोंडून यावा. घरी काढणी चालली असता वडील व्यापाऱ्याशी कशावरून घासाघीस करतात, एवढे विचारले तरी बहुधा पुरे होते.

पुढील काम वरकरणी सोपे दिसते. ओली हळकुंडे तोलावी, शिजवावी, उन्हात वाळवावी आणि लागोपाठच्या तोलांत वजन स्थिर होईपर्यंत नोंदी ठेवाव्या. सुकी हळद ओल्या वजनाच्या साधारणतः पंचमांश भरते, असे मानले जाते; जात व पक्वता यांनुसार हे प्रमाण बरेच बदलते. समजा, मुलाच्या वहीत उतारा शेकडा १४ आला. येथे मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. ‘चुकले, पुन्हा कर’ असे म्हणताच मुलगा २० हा आकडा आणून देईल, आणि तो कसा आणला हे कोणीच विचारणार नाही. त्याऐवजी ‘तोलण्यापूर्वी हळकुंडे धुतली होतीस काय?’ असे विचारावे. या भागातील काळी, चिकण माती गड्ड्यांना घट्ट धरून राहते. ती ओल्या वजनात मोजली गेली, तर उतारा कमी दिसणारच. हा दोष मुलाने स्वतः शोधला, तर चुकलेला आकडाच प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग ठरतो. तो खोडू नये. शेजारी दुसरा लिहावा. एकाच ढिगावरून निष्कर्ष काढू नये, किमान तीन ढीग घ्यावेत, हेही मग मुलाला सांगावे लागत नाही.

एक व्यावहारिक अडचण आहे. हळदीची लागवड मे-जूनमध्ये होते व काढणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. हळदीला शाळेचे वेळापत्रक ठाऊक नसते! तेव्हा तराजू, ढीग व वही यांची योजना दिवाळीपूर्वीच ठरलेली बरी.

तोंडी परीक्षेत निष्कर्ष विचारण्याची प्रथा आहे. निष्कर्ष पाठ करता येतो. ‘तुझ्या नोंदींपैकी कोणत्या नोंदीवर तुझा सर्वांत कमी विश्वास आहे?’ असे विचारावे. ज्याने स्वतः तोलले आहे, तो वही उघडून नेमक्या त्या दिवसावर बोट ठेवतो.