तिशीतली निवृत्ती

निवृत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अठ्ठावन्न-साठ वर्षांचा गृहस्थ उभा राहतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा धंदेवाईक खेळाडू मात्र बहुधा तिशीच्या आसपासच निवृत्त होतो. लंबगोल चेंडूच्या या खेळाचे नियम मेलबर्न येथे १८५९ साली लिहिले गेले. दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा गडी चेंडूसाठी एकमेकांवर आदळतात. शरीर हेच त्यांचे हत्यार, आणि झिजते तेही शरीरच.

पूर्वी केवळ या खेळावर फारसे कोणाचे पोट चालत नसे. १९३० साली व्हिक्टोरियाच्या लीगने सामन्याचा मेहनताना तीन पौंडांवर बांधून टाकला होता. खेळाडू आठवडाभर नोकरी करी आणि शनिवारी मैदानात उतरे. खेळ सुटला तरी हातचे काम सुटत नसे. पुढे पैसा वाढला, खेळ हाच पूर्णवेळ व्यवसाय झाला आणि ही जोड तुटली. आज अठराव्या वर्षी क्लबात शिरलेला मुलगा बाहेर पडतो, तेव्हा त्याचे सोबती आपापल्या धंद्यांत मुरलेले असतात. थोडे खेळाडू प्रशिक्षक वा समालोचक होतात. बाकीच्यांना उमेदवारीपासून आरंभ करावा लागतो.

दुसरा प्रश्न डोक्यास बसणाऱ्या मारांचा. जीलाँग क्लबचा नामांकित खेळाडू पॉली फार्मर २०१९ साली वारला. वारंवारच्या आघातांनी जडणारा ‘सीटीई’ हा मेंदूचा विकार त्याला असल्याचे पुढे तपासणीत आढळले. या लीगच्या खेळाडूत असे निदान प्रथमच झाले. हा विकार मृत्यूनंतरच निश्चित कळतो. मग जिवंतपणी दाद कोठे मागावयाची? ऑस्ट्रेलियातील राज्यांच्या कामगार-भरपाई कायद्यांतून धंदेवाईक खेळाडू सामान्यतः वगळलेले आहेत. तो पगार घेतो, हुकूम पाळतो; पण या कायद्यांच्या लेखी तो कामगार नव्हे! ही तरतूद कशी दूर करता येईल ते पाहावे, असे सिनेटच्या समितीने २०२३ साली सुचविले.

अशा वेळी आधार संघटनेचाच. खेळाडूंनी ती १९७३ साली उभारली. निवृत्तांसाठी निधी, जायबंदी झालेल्यांना साहाय्य आणि खेळत असतानाच शिक्षण घेण्यास मदत, ही कामे तिने हाती घेतली. कामगारांत वावरणाऱ्या आम्हांस यातले शिक्षण सर्वांत मोलाचे वाटते. निधी संपतो, हुन्नर संपत नाही. ज्याच्या शरीरावर धंदा चालला, त्याची पुढची चाळीस वर्षे हा त्या धंद्याच्या हिशेबातलाच खर्च होय.