विडी वळता का?

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातल्या एका गावात विडी वळणाऱ्या मावशींच्या छपरीत बसले होते. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. उन्हाळ्यात पहाटेच जंगल गाठून तोडायची आणि ७० पानांचा एकेक पुडा बांधून खरेदीच्या फळीवर मोजून द्यायची, ती हीच पानं. मावशींनी पानावर पत्र्याचा फर्मा ठेवला, कात्री फिरवली, चिमूटभर जर्दा पसरला, बोटांत वळवलं, टोक मुडपलं, दोरा गुंडाळला. हे सगळं मी बघेपर्यंत दुसरं पान हातात. मला मात्र तिसरी शिंक आली होती.

"मी कधी विडी ओढली नाही," मावशी म्हणाल्या, "पण रात्री डोकं भणभणते."

विडीबद्दल बोलण्याआधी ई-सिगारेटचं बघू. तिच्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावरच. तिच्यात काही जळत नाही. बॅटरीवर द्रावण तापतं, निकोटीनची वाफ होते. तिचे दूरचे परिणाम पुरते कळायला अजून वर्षं जातील. तोवर थांबून न राहता बंदी घातली, हे मला योग्यच वाटतं.

विडीच्या बाबतीत तर थांबण्यासारखं काही उरलेलंच नाही. मुंबईत १९९१ पासून मतदारयाद्या हाती घेऊन संशोधकांनी पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख माणसांची घरोघर नोंद केली. काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांशी जाऊन विचारलं, कोण आहे, कोण गेलं. तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला, विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून माणूस वरचेवर, जोराने झुरके घेतो.

हे झालं ओढणाऱ्यांचं. वळणाऱ्या बाईच्या नाकात दिवसभर जर्द्याची धूळ जाते आणि निकोटीन ओल्या बोटांच्या कातडीतूनही अंगात शिरतं. मावशी दवाखान्यात जातात तेव्हा त्यांना विचारतात, "तंबाखूचं व्यसन आहे का?" त्या खरं तेच सांगतात, "नाही." कागदावर "नाही" लिहिलं जातं.

गोंदियातल्या डॉक्टरांना, आशाताईंना माझी एवढीच विनंती आहे: व्यसनाच्या प्रश्नापुढे आणखी एक प्रश्न विचारा. विडी वळता का? किती वर्षांपासून?