युद्धात गेलेल्यांची गाणी: पुरावा नेमका कशाचा?

पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण कामी आले. हा आकडा सहज मिळतो. मागे राहिलेल्यांचं दुःख मात्र गाण्यांत शोधावं लागतं.

पण जरा जपून. १५१३ मध्ये फ्लॉडनला पडलेल्यांसाठी स्कॉटलंडमध्ये ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ आजही बॅगपाइपवर वाजतं. त्याचे प्रचलित शब्द जीन एलियटने लिहिले ते अठराव्या शतकात. म्हणजे ते लढाईचा नाही, तर दोनशे वर्षांनंतरच्या आठवणीचा पुरावा आहे.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाच्या घरात ओव्या जमल्या. ओवीत तारीख नसते, गाणारी तिच्यात आपलं नाव-गाव घालते. म्हणून प्रत्येक ओवीसोबत नोंदवा: कोणी गायली, कोणाकडून शिकली, माहेर-सासर कुठलं. कोयनानगर भागात तर हे हवंच. धरणामुळे गावं उठली, ओव्याही बायांसोबत पुनर्वसनात गेल्या.

गिरणी आली, जातं थांबलं. गाणाऱ्या आज्या आता थकल्यात. सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत थांबू नका. त्यांची परवानगी घ्या आणि रेकॉर्डिंग सुरू करा.