वृद्धाश्रमातील मनाची पारख

जालना जिल्ह्यातील एखाद्या वृद्धाश्रमात परतूरकडची एक निरक्षर आजी बसली आहे, अशी कल्पना करा. तपासनीस विचारतो, “आजी, आज तारीख कोणती?” ती म्हणते, “आषाढ लागला, बाबा.” कागदावर शून्य पडते. अशी आणखी काही शून्ये पडली की नावापुढे ‘स्मृतिभ्रंश’ हा शेरा येतो. वास्तविक तिची स्मृती शाबूत असू शकेल. तिथीवर चाललेल्या आयुष्याला तारखेचे माप लावले गेले, इतकेच.

अमेरिकेत १९७५ साली फोल्स्टीन यांनी सिद्ध केलेली तीस गुणांची मनःस्थिती-चाचणी जगभर रूढ झाली. परंतु तीत वजाबाकी, वाचन व लेखन आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या बाबतीत ती स्मृतीऐवजी साक्षरताच मोजते. हे ओळखून मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगड भागासाठी १९९५ साली हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. तीत वजाबाकीऐवजी वार उलट क्रमाने म्हणावयाचे असतात आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते.

उदासीनतेची पारख याहून नाजूक होय. शेख व यसावेज यांची १९८६ सालची प्रश्नावली पंधरा प्रश्नांची असून उत्तरे केवळ ‘होय’ वा ‘नाही’ अशी असतात. झोप व भूक यांविषयी तीत विचारीत नाहीत. कारण उतारवयात त्या शरीराच्या व्याधींनीही बिघडतात. मात्र बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहणे आवडते काय, असा एक प्रश्न तीत आहे. जिथे फाटकाबाहेर जाण्यास परवानगी लागते, तिथे त्या उत्तराचा अर्थ काय घ्यावा? शिवाय आपल्याकडील वृद्ध ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’. ते शब्द ऐकणारा कान हवा.

हा भेद जाणणे अगत्याचे आहे. उदासीनतेनेही विस्मरण होते. थायरॉइडच्या विकाराने, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या उणिवेने, काही औषधांनीही होते. यांवर उपचार आहेत. चुकीचा शेरा पडला की ते उपचार राहूनच जातात. उलट, ज्यांना स्मृतिभ्रंश खरोखरच झाला आहे त्यांना आपले दुःख सांगता येत नाही. म्हणून १९८८ सालच्या कॉर्नेल मापनात रुग्णाबरोबर शुश्रूषा करणारासही विचारतात.

सारांश, चाचणी ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. आश्रमात आपले माणूस असेल त्या कुटुंबाने एवढे पाहावे: चाचणीच्या वेळी डोळ्यांवर चष्मा व कानात श्रवणयंत्र आहे ना, प्रश्न तिच्याच बोलीत व एकांतात विचारले जातात ना, आणि ‘आषाढ’ हे उत्तर समजून घेणारा माणूस समोर आहे ना.