छत्तिसाव्या दिवसापासून पुढे

व्यसनमुक्ती केंद्रातले उपचार पुरे करून माणूस घरी आला, की घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे! खरी परीक्षा मात्र तिथूनच सुरू होते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'मुक्तांगण' ३५ दिवसांच्या उपचारांसाठी ओळखले जाते. पण छत्तिसाव्या दिवशी काय?

केंद्रात दारू समोर नसते, दिवस आखलेला असतो. जुळे सोलापुरात घरी परतलेल्याला मात्र संध्याकाळी विजापूर रोडने एकट्यानेच यायचे असते. पगाराचा दिवस असो, वरात असो की गड्ड्याची यात्रा, 'आज एकच घे' म्हणणारा भेटतोच. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते. पण निश्चयाचा जोर रोज सारखा राहत नाही. म्हणून निश्चयाच्या भरवशावर न राहता संध्याकाळ आधीच आखून ठेवावी.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळी ओढ बळावते. कामावरून निघताना पोटात काही असावे, मग ती शेंगाचटणी-भाकरी का असेना. रस्ता बदलावा, सोबत शोधावी. ओढ येते तशी ओसरते, बहुधा अर्ध्या तासात. तेवढा वेळ कोणाशी तरी बोलत काढायचा.

अमेरिकेत १९३५ मध्ये दारूने गांजलेला एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर एकमेकांना धरून सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. जन्मभराचे ओझे घेऊ नका, फक्त आजचा दिवस पिऊ नका, हे तिचे सांगणे.

घरच्यांचे काय? तोंडाचा वास घेणे, खिसे चाचपणे लगेच थांबत नाही. अनेक वर्षे फसवणूक सोसलेल्या पत्नीकडे विश्वास मागून मिळत नाही. वेळेवर घरी येऊन, पगार हातात ठेवून तो हळूहळू मिळवावा लागतो. तिलाही आधार हवा असतो. म्हणून 'मुक्तांगण'मध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे.

आणि पाय घसरलाच तर? 'गेले सगळे पाण्यात' म्हणून पुन्हा पीत बसू नये. त्याच दिवशी केंद्राला, समुपदेशकाला किंवा १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. घरच्यांनीही त्या रात्री भांडण टाळावे आणि सकाळी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)