पाचवं चाक असतं कुठे?

दोस्तांनो, आधी एक सोपं कोडं. टाटा ४०७ टेम्पोला चाकं किती? "चार!" असं पटकन म्हणालात ना? मग पुढच्या वेळी नीट मोजा बरं. पुढे दोन, आणि मागे प्रत्येक बाजूला एकाला एक लागून दोन-दोन. झाली की सहा! १९८६ साली रस्त्यावर आलेला हा टेम्पो आजही विटा, वाळू, मंडपाचं सामान घेऊन फिरताना दिसतो. त्याच्या शेजारी 'छोटा हत्ती' उभा असेल तर त्याचीही चाकं मोजा. ती मात्र चारच भरतील.

आता दुसरं कोडं, जरा अवघड. मोठ्या ट्रेलरला एक 'पाचवं चाक' असतं. ते जमिनीला टेकत नाही, त्यात हवा भरावी लागत नाही आणि ते कधी पंक्चरही होत नाही. सांगा पाहू, ते असतं कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहणाऱ्या मुलांना याचं उत्तर घरापासून जवळच सापडेल. वस्तीच्या उत्तरेला जालना रोड, दक्षिणेला बीड बायपास. शहराच्या एका टोकाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या टोकाला वाळूजची. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा. कारखाने म्हटले की माल आला, आणि माल आला की ट्रेलर आले. सायकलवरून शाळेला किंवा क्लासला निघालात आणि मोठा रस्ता लागला, की या अवाढव्य गाड्यांशी गाठ पडायचीच. त्यांच्या शेजारून जायचं तर त्यांचा स्वभाव ठाऊक हवा. चला, ओळख करून घेऊ.

जोडचाकं कशासाठी?

भरलेलं दप्तर एकाच खांद्यावर घेऊन पाहा. पट्टा रुततो, हो ना? दोन्ही खांद्यांवर घेतलं की तेच दप्तर हलकं वाटतं. वजन तेवढंच, पण ते वाटलं गेलं. जोडचाकांचं काम हेच. मागच्या अ‍ॅक्सलवर दोनऐवजी चार टायर लावले, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी ओझं येतं. आपल्या देशात चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर पूर्वी १०.२ टन वजनाची परवानगी होती. २०१८ साली ती ११.५ टन झाली.

आणखी एक फायदा म्हणजे एक टायर बसला तरी शेजारचा गाडीला थोडा वेळ सावरून धरतो. पण थोडाच वेळ हं! दोघांचं ओझं एकट्यावर पडलं की तो तापतो आणि फुटूही शकतो. शिवाय आतला टायर बाहेरून धड दिसतही नाही. म्हणून जाणता चालक निघण्यापूर्वी हातोडी किंवा लोखंडी दांडी घेऊन प्रत्येक टायरवर ठोका मारतो. हवा भरलेला टायर 'टण्ण' बोलतो, बसलेला नुसता 'थप्प' करतो. दोन टायरांच्या फटीत दगड अडकला असेल तर तो काढून टाकतो, कारण वेगात तोच दगड मागे भिरकावला जाऊ शकतो. तेव्हा जोडचाकांच्या गाडीच्या अगदी मागे सायकल का चालवायची नाही, हे कळलं ना?

बग्गीपासून ट्रेलरपर्यंत

आता पाचव्या चाकाची गोष्ट. जुन्या काळी चारचाकी घोडागाडी वळवायची म्हणजे तिची पुढची दोन चाकं आसासकट वळवावी लागत. त्यासाठी आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक लोखंडी कडं आडवं बसवत. चार चाकं धावणारी आणि हे एक निजलेलं, म्हणून ते पाचवं चाक!

पुढे मोटारी आल्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९१४ साली सिब्ली नावाचा लाकडाचा व्यापारी ऑगस्ट फ्रुहॉफ या गाड्या बनवणाऱ्या लोहाराकडे आला. त्याला आपली होडी फोर्ड मोटारीमागून तळ्यावर न्यायची होती. फ्रुहॉफने त्यासाठी खास गाडा बनवून दिला. तो इतका सोयीचा निघाला की व्यापाऱ्याने तसेच गाडे लाकूड वाहायलाही मागितले. फ्रुहॉफने त्याला नाव दिलं 'सेमी-ट्रेलर', म्हणजे अर्धा ट्रेलर. अर्धा का? तर त्याला पुढची चाकंच नव्हती. मागचा भार स्वतःच्या चाकांवर आणि पुढचा भार ओढणाऱ्याच्या पाठीवर!

अमेरिकेत आजही काही कुटुंबं चाकांवरचं अख्खं घर पिकअपला जोडून फिरायला जातात. भाजी आणणारी आपल्याकडची पिकअप असते ना, तिची ही थोरली बहीण. पाचवं चाक तिच्या मागच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसवतात. घर ५ टनांचं असेल तर साधारण १ टन भार थेट तिच्या पाठीवर येतो. मग तिलाही मागे जोडचाकं लावतात. म्हणजे आपला ४०७ आणि ती अमेरिकन पिकअप एकाच युक्तीवर उभे आहेत!

आपल्याकडच्या ट्रेलरचं पुढचं इंजिनवालं डोकं सुटं असतं. चालक मंडळी त्याला 'हॉर्स' म्हणजे घोडाच म्हणतात. घोड्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी थाळी असते, तिला मागून खाच. हेच आजचं पाचवं चाक! ट्रेलरच्या पोटाखाली २ इंच जाडीची खुंटी असते, तिचं नाव किंगपिन. आईच्या बांगडीतून आरपार जाईल एवढीच तिची जाडी, पण कित्येक टनांचा ट्रेलर तिच्यावर ओढला जातो. चालक घोडा हळूहळू मागे घेतो, खुंटी खाचेत शिरते आणि 'खट्ट' करून जबडा मिटतो. पण चांगला चालक नुसत्या आवाजावर विसंबत नाही. खाली उतरून तो जबडा डोळ्यांनी पाहतो, गाडी जराशी पुढे ओढून खात्री करतो, मग ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि दिव्यांची वायर जोडतो. चालत्या गाडीत ट्रेलरच्या ब्रेकला हवा पुरवणारी नळी तुटली, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

शेपूट आत का येतं?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओल्या मातीत सायकल गोल फिरवा आणि खाली पाहा. दोन चाकोऱ्या दिसतील. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते आतून जातं! गाडी जितकी लांब, तितकं मागचं चाक जास्त आत.

नववी-दहावीच्या मुलांनी पायथागोरस आठवावा. समजा, किंगपिन १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते आहे आणि तिथून ट्रेलरची मागची चाकं ९ मीटर लांब आहेत. १५ हा कर्ण, ९ ही एक बाजू, मग दुसरी बाजू १२. म्हणजे मागची चाकं १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर, तब्बल ३ मीटर आत! मोठ्या रस्त्याची एक लेन साडेतीन मीटरची असते. नुसत्या कोपऱ्यावर वळताना हे अंतर थोडं कमी भरतं, पण एक सायकल चिरडायला तेवढं पुरेसं आहे.

म्हणूनच डावीकडे वळायचं असलं तरी ट्रेलरचालक आधी गाडी उजवीकडे घेतो. डाव्या बाजूला ऐसपैस जागा मोकळी दिसते. सायकलवाल्याला वाटतं, "वा, वाट मिळाली!" आणि तो आत शिरतो. पण ती जागा रिकामी नसते, दोस्तांनो. मागून येणाऱ्या चाकांनी ती आधीच राखून ठेवलेली असते.

चालकाला ओरडून सांगू म्हणाल, तर तो उंच बसलेला. डाव्या दाराच्या अगदी खाली उभं असलेलं मूल त्याला दिसतच नाही. वळताना घोडा एका दिशेला आणि ट्रेलर दुसऱ्या दिशेला, मग आरशात नुसती ट्रेलरची भिंत दिसते. तोही माणूसच आहे. केबिन हेच त्याचं घर, तिथेच झोपायचं, वाटेत कुठेतरी जेवायचं. १९६१ च्या कायद्याने त्याच्या कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ ठरवले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, कारण तापलेल्या केबिनमध्ये डोकं शांत कसं राहणार?

तेव्हा एवढं पक्कं करा. वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नका, थांबा आणि त्याचं शेवटचं चाक जाऊ द्या. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असं समजा. आणि आई-बाबांनो, स्कूटरवर मागे मूल बसलेलं असताना हा नियम तुम्हालाही लागू आहे बरं का!

जाता जाता एक गणित. एसटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ५ मीटर अंतर धरा. पुढचं चाक १३ मीटर त्रिज्येवर फिरलं, तर मागचं किती आत येईल? करा पाहू तोंडी!